सर्वांसाठी

संध्याकाळचे साडेसात. खाली खानावळीत मासळी तळतायत,
वर तिसऱ्या मजल्यावर मी, अकरा संगणक
आणि थेसालोनिकीचा खारट वारा,
खिडकी लावली तरी कागदांत शिरणारा.

कागद परक्यांचे. कुणाचा जन्मदाखला,
कुणाच्या पाठीवरच्या वळांचा फोटो,
कोण कुठल्या बेटावर किती रात्री उघड्यावर.
आमची वकीलमंडळी हे सगळं आजवर
पोस्टकार्डावर लिहावं तसं धाडत आली.
पोस्टमनने वाचलं तर? मी विचारलं होतं.
लिकुर्गोस म्हणाला, त्याला कुठे एवढा वेळ.
या पोस्टमनला वेळच वेळ असतो, बाबा.
सहा कानांवर गेलं की गुपित संपतं,
इथे तर कान मोजायला आकडा नाही.

म्हणून कुलूप आणलंय, ईमेलला जोडायचं.
एकेकाच्या खात्यात शिरून लावत बसले
तर रात्र सरेल, आणि उद्या कुणी नवा आला
की पुन्हा मी, पुन्हा तीन जिने.
एकदाच लावायचं. सर्वांसाठी. मुळाशी.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
माझ्या धंद्यात तेच विचारावं लागतं.
सुडो लिहिते. यंत्र पासवर्ड मागतं,
मी टंकते, पडद्यावर ठिपकाही उमटत नाही.
मग फोल्डरातला फोल्डर, त्यातला फोल्डर,
आणि तळाशी ही एवढीशी फाइल.
तिचं वरचं नाव पोटातल्या नावाशी
अक्षर न् अक्षर जुळायला हवं,
नाहीतर ती असून नसल्यासारखी.
पोलिक्सेनी मागून वाकून बघते, म्हणते,
आपल्या अशिलांचंही हेच की.
पासपोर्टावर एक अक्षर जास्त, आणि माणूसच नाही.

लावलं. मला दिसतं.
लिकुर्गोसला दिसत नाही. पोलिक्सेनीला नाही.
पुन्हा सुरू केलं, पुन्हा नाही.
अर्धा तास स्वतःला शिव्या घातल्यावर कळलं:
घाईत वाचायची परवानगी फक्त मालकाला ठेवली होती,
मालक म्हणजे मूळ, मूळ म्हणजे तूर्त मी.
कुलूपच कुलपात.
फोल्डरला सातशे पंचावन्न, फाइलला सहाशे चव्वेचाळीस,
वाचा सगळ्यांनी, हात मात्र लावू नका.
आणि एकेका पडद्यावर ते उगवत गेलं.

पण किल्ली?
ती ज्याची त्याने घडवायची.
तिथे मुळाशी बसूनही माझं काही चालत नाही.

इव्हान्थिया, वय एकाहत्तर, खुर्ची पुढे ओढते.
यंत्र सांगतं, माउस हलवा, कसाही,
जितका वेडावाकडा तितका बरा.
हलवू? ती म्हणते.
त्याने माझी परवानगी कधी विचारलीय?
आणि उजवा हात टेबलावर ठेवते.
या हाताने केलेली सही जुळत नाही म्हणून
बँकेने दोनदा चेक परत पाठवला.
या हातात ती कोर्टात पेला धरत नाही.
आता तो आपला आपण थरथरतो आहे,
बाण पडद्यावर माशीसारखा भिरभिरतो,
आणि कुणालाही, तिलासुद्धा,
पुन्हा तसाच काढता येणार नाही असा रस्ता
चार हजार शहाण्णव बिटांत गोठत जातो.
झालं? ती विचारते. एवढंच?
आणि चष्मा पुसत बसते, उगाच बराच वेळ.

सगळे गेले. मी खात्यांची यादी तपासते.
बारा नावं, संगणक अकरा.
बारावा निकिफोरोस. फेब्रुवारीत गेला,
त्याच्या ड्रॉवरमध्ये अजून बडीशेपेच्या गोळ्या आहेत.
सर्वांसाठी म्हटलं की यंत्र सर्वांसाठीच समजतं.
त्याच्याही पत्रपेटीत कुलूप पोचलंय,
आणि विचारतंय:
तुमची किल्ली आत्ता बनवायची, की नंतर?

खातं काढून टाकायचं होतं, खरं तर त्यासाठीच उघडलं.
मी नंतर दाबलं.